उन्हाळ्यात मोडणारा संघ

[दृश्य: सकाळचं ब्रॅमल लेन. बंद दरवाजे. श्योरहॅम स्ट्रीटच्या बाजूचा रिकामा स्टँड.]

शनिवार, २० सप्टेंबर २०२५. आज इथे, शेफिल्ड युनायटेडच्या ब्रॅमल लेन मैदानावर, चार्लटनचा संघ खेळायला येतोय.

शेफिल्ड युनायटेड चॅम्पियनशिपच्या, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या विभागाच्या, गुणतक्त्यात तळाला आहे. पाच सामने, पाच पराभव. केलेला गोल एक, खाल्लेले बारा. चार महिन्यांपूर्वी हाच क्लब वेम्बलीवर प्ले-ऑफची, म्हणजे वर जाण्याची शेवटची जागा ठरवणारी, फायनल खेळत होता आणि ७५व्या मिनिटापर्यंत पुढे होता. त्यानंतर जे झालं ते मी स्टँडमधून पाहिलंय. त्यावर मी बोलणारच आहे, पण माझ्या मते आमच्या क्लबचं दुखणं वेम्बलीवर सुरू होत नाही. ते वेम्बलीनंतरच्या उन्हाळ्यात सुरू होतं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. क्रिकेटचं मैदान, मग फुटबॉलचं.]

ब्रॅमल लेन १८५५ साली क्रिकेटसाठी सुरू झालं. फुटबॉलचा पहिला सामना इथे १८६२ मध्ये झाला. क्लब नंतरचा, १८८९चा. हे पोलादाचं गाव, सुऱ्या-कात्र्या बनवणारं, म्हणून आम्ही 'ब्लेड्स'. इंग्लंडचं विजेतेपद एकदाच मिळालं, १८९७-९८ मध्ये. एफए कप चार वेळा, शेवटचा १९२५ साली. म्हणजे चषकाच्या आठवणींवर जगणारा माणूस या गावात आता शोधून सापडणार नाही. इथे पिढ्या मोठ्या झाल्या त्या प्रमोशनची, म्हणजे वरच्या विभागात जाण्याची, वाट बघत.

माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा बसतात. इथल्या रीतीप्रमाणे ते मला 'लव्ह' म्हणतात. इथे सगळेच सगळ्यांना म्हणतात, बस ड्रायव्हरसुद्धा. १९८१ साली युनायटेड चौथ्या विभागात घसरलं तो सामना त्यांनी इथेच पाहिला. शेवटच्या दिवशी वॉल्सॉलविरुद्ध, शेवटच्या काही मिनिटांत मिळालेली पेनल्टी डॉन गिव्हन्सने वाया घालवली. आजोबा त्याबद्दल फार बोलत नाहीत. पण आम्हाला पेनल्टी मिळाली की ते उठून उभे राहतात आणि मैदानाकडे पाठ करतात.

[दृश्य: वेम्बलीचा बाहेरचा रस्ता. लाल-पांढरे स्कार्फ.]

प्ले-ऑफचा हिशेब एकदा मांडून टाकते, कारण तो मांडल्याशिवाय आमच्याकडे प्रमोशनची चर्चा पुढे सरकतच नाही.

१९९७, वेम्बली: क्रिस्टल पॅलेसच्या डेव्हिड हॉपकिनचा अगदी शेवटच्या मिनिटाला गोल. २००३, कार्डिफ: वुल्व्हजकडून ३-०, आणि मायकेल ब्राउनची पेनल्टी अडवली गेली. २००९: बर्नलीकडून १-०. २०१२ची फायनल तिसऱ्या विभागातली. हडर्सफील्डविरुद्ध गोल एकही नाही, मग पेनल्ट्या, आणि त्या इतक्या लांबल्या की गोलरक्षकांवर पाळी आली. आमच्या स्टीव्ह सिमन्सनचा फटका बारच्या वरून गेला. ८-७. उपांत्य फेरीतल्या पराभवांची यादी वेगळीच आहे. १९९८, २०१३, २०१५, २०२२.

आणि मग २४ मे २०२५, वेम्बली, समोर सुंदरलंड.

पंचविसाव्या मिनिटाला गुस्तावो हामर चेंडू घेऊन मोकळ्या जागेत धावला, योग्य क्षणी पास दिला आणि टायरीस कॅम्पबेलने गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलला. मोसमातला आमचा सर्वांत देखणा गोल होता तो. थोड्याच वेळात हॅरिसन बरोजने चेंडू जाळ्यात मारला. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो होतो आणि पंच पडद्याकडे निघाले. चॅम्पियनशिपमध्ये वर्षभर व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणं, नसतं, ते असतं फक्त या एका फायनलला. आमचा विनी सूझा ऑफसाइड होता आणि गोलरक्षकाच्या नजरेच्या आड येत होता. गोल रद्द. नियमाने तो निर्णय बरोबर होता. मी त्यावर कधीच भांडले नाही.

भांडायचं असेल तर उत्तरार्धाबद्दल भांडावं. दुसरा गोल करायला जायचं सोडून आम्ही हातातला एक सांभाळत बसलो. पाय मागे मागे सरकत गेले. ७६व्या मिनिटाला एलिएझर मायेंडाने बरोबरी केली. भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला टॉम वॉटसनने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून चेंडू कोपऱ्यात सरकवला. एकोणीस वर्षांचा मुलगा, ब्रायटनला जायचं ठरलेलं, सुंदरलंडसाठी त्याचा तो शेवटचा सामना.

आजोबांनी तेव्हा स्कार्फ काढला. मांडीवर ठेवला, हाताने सपाट केला, मग एक घडी, दुसरी घडी, तिसरी. छोटा चौकोन झाल्यावर तो कोटाच्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं. शिट्टी अजून वाजायची होती.

[दृश्य: गुणतक्ते. २०१९, २०२३, २०२५.]

लोक याला शाप म्हणतात. मला ते पटत नाही. युनायटेड गेल्या पाच वेळा सर्वांत वरच्या विभागात गेलं ती वर्षं बघा: १९७१, १९९०, २००६, २०१९, २०२३. पाचही वेळा दुसऱ्या क्रमांकाने, थेट. हा क्लब एका दिवसाच्या जोरावर वर जाणारा नाही. जातो तो सेहेचाळीस सामन्यांच्या चिकाटीवर. आणि ती चिकाटी एकमेकांसोबत वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसांमध्येच येते.

२०१९चा संघ आठवा. ख्रिस वाइल्डर २०१६ मध्ये प्रशिक्षक म्हणून आला. शेफिल्डचाच माणूस, लहानपणापासून युनायटेडचा, इथेच खेळलेला. पहिल्याच मोसमात तिसऱ्या विभागात शंभर गुण. पुढच्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये दहावा क्रमांक. आजच्या दिवसांत दहाव्या क्रमांकावर प्रशिक्षकाची खुर्ची डुगडुगायला लागते. तेव्हा कुणी संघ मोडला नाही. बिली शार्प, जॉन फ्लेक, ख्रिस बॅशम, जॅक ओकॉनेल तेच राहिले. जॉर्ज बाल्डॉक आणि एन्डा स्टीव्हन्स वर्षभर मुरले होते. त्यात जॉन ईगन आणि ऑलिव्हर नॉर्वुड यांची भर पडली. तिसऱ्या वर्षी ८९ गुण आणि प्रमोशन, त्याच्या पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये नववा क्रमांक.

तो संघ खेळायचा कसा, हे थोडं जवळून सांगते. बचावात तिघं. मधोमध ईगन, उजवीकडे बॅशम, डावीकडे ओकॉनेल. चेंडू डावीकडे गेला की स्टीव्हन्स कडेला थांबून समोरच्या बचावपटूला स्वतःकडे ओढायचा, आणि मागून ओकॉनेल, म्हणजे चक्क मधला बचावपटू, त्याला वळसा घालून पुढे निघायचा. समोरच्या संघाला कळायचंच नाही की याला धरायचं कुणी. नॉर्वुड मागे सरकून त्याची रिकामी जागा झाकायचा, फ्लेक त्याच्या बाजूला यायचा. एक माणूस निघाला की तिघं आपापली जागा बदलायचे, आणि कुणी कुणाला हाक मारलेली मला कधी ऐकू आली नाही. असं खेळणं फळ्यावर आखून शिकवता येतं, पण अंगात भिनायला दोन-तीन मोसम एकत्र काढावे लागतात. बाल्डॉक २०२४ मध्ये आपल्यातून गेला. त्या उजव्या कडेकडे नजर गेली की मला अजून त्याचं धावणं आठवतं.

आता याच्या उलट चित्र. २०२३ मध्ये प्रशिक्षक पॉल हेकिंगबॉटमने ९१ गुण घेऊन संघ वर नेला. सगळ्यात चमकलेला इलिमान एनडाये मार्सेयला विकला गेला. सँडर बर्ग बर्नलीला गेला, तोही मोसम तोंडावर आलेला असताना. मँचेस्टर सिटीकडून उसने घेतलेले जेम्स मॅकाटी आणि टॉमी डॉयल मुदत संपल्यावर परत गेले होते. मॅकाटी पुन्हा मिळाला, पण घडी विस्कटली ती विस्कटलीच. प्रीमियर लीगच्या त्या मोसमात ३८ सामन्यांत १०४ गोल खाल्ले आणि गुण मिळाले १६. हे सगळं दैवाच्या माथी मारणं मला खोटेपणाचं वाटतं.

[दृश्य: रिकामं मैदान, गवतावर पाण्याचे फवारे.]

मधे क्लब सोडून गेलेला वाइल्डर परत आला होता. २०२४-२५ मध्ये त्याने मायकेल कूपर, बरोज, कॅम्पबेल, कॅलम ओहेअर यांना घेऊन पुन्हा मोट बांधली. हामर चॅम्पियनशिपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. इतर क्लबांचे हप्ते वेळेवर न दिल्याच्या जुन्या प्रकरणात दोन गुण आधीच कापलेले होते, तरी मार्चअखेर आम्ही अव्वल होतो. मग ऑक्सफर्ड, मिलवॉल, प्लिमथ असे तीन सलग पराभव. प्लिमथ तर त्याच मोसमात खाली गेलं. माझ्या मते प्रमोशन तिथे हुकलं, वेम्बली त्यानंतरची. शेवटी ९० गुण. २०१९ मध्ये ८९ला वर गेलो होतो. या वेळी लीड्स आणि बर्नलीने शंभर-शंभर केले. तरी कुणी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, हाच संघ आणि हाच प्रशिक्षक पुन्हा एक वर्ष खेळवा.

जूनमध्ये वाइल्डरला निरोप दिला गेला. अनेल अहमदहोजिच फेयेनूर्डला गेला, सूझा वॉल्फ्सबर्गला, किफर मूर रेक्सहॅमला. उसने खेळाडू परतले. नवे प्रशिक्षक रुबेन सेल्येस यांच्या हाती दिला तो अर्धा संघ. पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर ब्रिस्टल सिटीकडून ४-१. तीन महिन्यांपूर्वी प्ले-ऑफच्या दोन सामन्यांत त्याच ब्रिस्टलला आम्ही एकूण ६-० हरवलं होतं! त्यानंतर तीन वेळा ०-१, मग इप्सविचकडून ५-०. सेल्येस गेले, आणि वाइल्डर तिसऱ्यांदा आला.

मालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला काही वर्षं 'पॅराशूट' पैसे मिळतात. पण वर एकच मोसम टिकलेल्या क्लबला ते दोनच वर्षं मिळतात. आमचं हे दुसरं वर्ष, म्हणजे शेवटचं. शिवाय चॅम्पियनशिपमध्ये तीन वर्षांत मिळून साधारण ३ कोटी ९० लाख पौंडांपर्यंतच तोटा चालतो. तेव्हा खेळाडू विकणं भाग आहे हे मला मान्य आहे. पण एकाच उन्हाळ्यात प्रशिक्षक, बचावाचा कणा आणि मधल्या फळीतला दणकट माणूस असे तिघंही घालवणं कुठल्याही ताळेबंदाने मागितलेलं नव्हतं.

[दृश्य: सरावाचे फटके. कूपर, हामर, सिडी पेक.]

मग आज हातात काय आहे?

गोलमध्ये कूपर आहे, आणि या विभागात त्याच्याहून चांगला गोलरक्षक मला दिसत नाही. बारा गोल खाल्लेला गोलरक्षक, असं कुणी म्हणेल. त्यातले किती त्याच्या समोरच्या गोंधळातून आले ते एकदा मोजावं. बचावात छत्तिशीला आलेला बेन मी आहे. त्याचा अनुभव हवाच, पण दर तीन दिवसांनी त्याला नव्वद मिनिटं पळवणं ही चूक ठरेल. पुढे तेहेतीस वर्षांचा डॅनी इंग्ज. गोलसमोर त्याचं डोकं अजून थंड असतं. तरी तो शेवटच्या वीस मिनिटांचा माणूस आहे, सुरुवातीपासून कॅम्पबेलच हवा. टॉम कॅननवर जानेवारीत मोठी रक्कम घातली. त्याला क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर येणारे चेंडू, लागतात, आणि कडेने क्रॉस देणारं सध्या बरोजशिवाय कुणी नाही.

हामरबद्दल मी निःपक्षपाती राहू शकत नाही. तो चुकतो, चिडतो, हात वर करतो, आणि तरी चेंडू त्याच्याकडे गेला की सगळा स्टँड पुढे सरकून बसतो. त्याला डाव्या कडेला मोकळं ठेवावं आणि मागे पेकला पळू द्यावं. पेक तरुण आहे, पण अडचणीत चेंडू मागतो. हा गुण विकत मिळत नाही. अकादमीतून आलेला ऑली आर्ब्लास्टर गेल्या नोव्हेंबरात गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीने बसला. तो धड परतला तर पेक आणि आर्ब्लास्टर ही जोडी पुढची पाच वर्षं या क्लबची मधली फळी सांभाळू शकेल. याच अकादमीने काइल वॉकर आणि हॅरी मग्वायर घडवले. दोघांनाही आम्ही लवकर विकलं.

माझं मत विचाराल तर या मोसमात प्रमोशन नाही. पाच पराभवांवरून नव्वद गुण होत नाहीत. हे म्हणताना जीव कासावीस होतो. पण खोटी आशा लावून जानेवारीत पुन्हा घाईची खरेदी झाली, तर पुढचा मोसमही हातचा जाईल. या वर्षी वाइल्डरने बचाव पुन्हा उभा करावा, मधल्या क्रमांकावर यावं, आणि २०१८चा तो दहावा क्रमांक सगळ्यांनी आठवावा. मालकांकडे मागणं एकच. कूपर, पेक, आर्ब्लास्टर आणि बरोज पुढच्या ऑगस्टमध्ये याच मैदानावर दिसू द्या. एकाला विकणं अगदी भागच पडलं तर एकालाच विका, आणि जूनमध्येच विका, म्हणजे त्याच्या जागी आलेला माणूस सरावाला तरी वेळेवर येईल.

[दृश्य: दुपार. दरवाजे उघडतात. पायऱ्या चढणारे लोक.]

आजोबा आलेत. तोच स्कार्फ आहे, घड्यांच्या रेघा अजून त्यावर दिसतात.

संघाची यादी जाहीर झाली की ते आधी प्रतिस्पर्ध्यांची नावं बघायचे. या ऑगस्टपासून त्यांनी नवं काम लावून घेतलंय. खिशातून छोटी वही काढतात, वेम्बलीवर सुरुवात केलेल्या अकरा जणांची नावं तिच्यात लिहिलेली आहेत, आणि आज त्यातले किती उतरणार ते पेन्सिलीने टिपतात.

"लव्ह, चष्मा राहिला घरी. तू वाच," ते म्हणतात, आणि वही गुडघ्यावर उघडून धरतात.

मी यादी वाचायला घेते. कूपरपासून.