डोक्यावरचा दगड

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘कोळशाचे थर आणि भोवतीचे खडक’. डिचोलीत कोळशाचं काय, असं दोघांनी मला दारातच विचारलं. रास्त आहे. आपण गोव्याची, लाल मातीतली माणसं. कोळसा आपल्याला ठाऊक तो मुरगाव बंदरात उतरणारा, वास्कोतल्या खिडक्यांवर काळा थर धरणारा. आपल्या जमिनीत तो नाही. का नाही, हे माझ्या आईनेही विचारलं होतं, मी विदर्भात वणीला नोकरीला निघालो तेव्हा. “इथे खाणी काय कमी आहेत?”

कोळशाला रान लागतं, आणि आपलं लोहखनिज ज्या पट्टेदार खडकातलं आहे तो २५० कोटी वर्षांहून जुना. त्या काळी जमिनीवर गवताची काडीसुद्धा नव्हती. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या त्या गेल्या ५० कोटी वर्षांत. वर्धा खोऱ्यातला कोळसा, म्हणजे चंद्रपूर, वणी, घुग्गुसचा, साधारण २८ कोटी वर्षांचा. म्हणून इथल्या पाळी गावचा हा मुलगा आयुष्याची पंचवीस वर्षं तिकडे राहिला.

आणि एक गंमत सांगतो. मुरगावला ऑस्ट्रेलियातून कोळसा येतो ना, तोही त्याच रानातला. तेव्हा भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकाला एक चिकटलेले होते, आणि सगळीकडे ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं होती. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठळक शीर, दोन्हीकडे जाळी. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश संशोधक स्कॉट आणि त्याचे सोबती गारठून मेले. त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. उपाशी, थकलेल्या माणसांनी ते ओझं शेवटपर्यंत टाकलं नव्हतं. त्यात याच पानाचे ठसे होते. दगड टाकायचा नसतो हे त्यांना कळलं होतं, आणि माझं आजचं सगळं बोलणं याच एका गोष्टीवर आहे.

खाण काढण्याआधी बोअर घेतात हे तुम्हाला सांगायला नको, इथे निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी खाणीवर होतं. बोअरमधून दगडाची गोल कांडी निघते, तिला आम्ही कोअर म्हणतो. लाकडी खोक्यात ती ओळीने मांडायची, बाजूला रंगाने खोली लिहायची. वरून खाली वाचत गेलात की जमीन उलगडते. पण कचेरीला हवा असतो तो फक्त काळा तुकडा. तो प्रयोगशाळेत जातो, राख किती, ओल किती, उष्णता किती. वरचा शंभर मीटर दगड म्हणजे त्यांच्या हिशेबी ‘ओबी’, उचलून फेकायचा माल.

आमच्या एका खाणीत शेजारशेजारच्या तीन बोअरमध्ये मला खटकलं. सीमच्या, म्हणजे कोळशाच्या थराच्या, वर सगळीकडे जाड वालुकाश्म होता, भक्कम छत. या तीन ठिकाणी मात्र मध्येच शेलची, म्हणजे गाळाच्या पापुद्र्यांच्या ठिसूळ दगडाची, भिंगासारखी पट्टी होती, आणि तिच्यात घासून चकचकीत झालेल्या तिरप्या भेगा. नखाने ओढलं तर पापुद्रा निघायचा. मी नोंदवहीत लिहिलं, तोंडीही सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात रजेवरून परतलो तर खोकी रिकामी. कोअर कुठे? वसाहतीकडच्या रस्त्यावर खड्डे पडले होते, त्यात भरले होते. खोक्यांच्या फळ्या चुलीत गेल्या. मी भर पावसात त्या रस्त्यावर वाकून तुकडे वेचत होतो आणि ट्रक अंगावर चिखल उडवत जात होते. आज इतकी वर्षं झाली, तरी तो रस्ता आठवला की माझा आवाज चढतो. माफ करा.

दोन वर्षांनी भुयारातलं काम नेमकं तिथे पोचलं. नोंदवही कुणी उघडली नाही. पण रात्रपाळीला एक जुना ड्रेसर होता. ड्रेसर म्हणजे लोखंडी सळीने छत ठोकून बघणारा माणूस. भक्कम दगड खणखणतो, सुटलेला बदबदतो, मडक्याला तडा गेल्यासारखा. त्याने दोनदा ठोकलं आणि ओरडला, “मागं व्हा, छत बोलून राह्यलं!” सगळे मागे आले. अर्ध्या तासात खोलीभर शेल खाली बसली. कुणाला खरचटलंही नाही. जे मी कागदावर लिहिलं होतं ते त्याने कानाने वाचलं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, दहा मिनिटं उरली. पत्रिकेत कबूल केलेले थर, वर्धा खोऱ्यातले, भराभर सांगतो.

सगळ्यात खाली तालचेर. हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे आणि हिरवट शेल. होय, विदर्भात हिमनद्या. चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी त्यांच्या घासण्याचे ओरखडे चुनखडकावर दिसतात. त्यावर बराकर, यातच कोळसा. पांढुरका वालुकाश्म, त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची माती होऊन पांढरे ठिपके झालेले. भारतातला बराचसा कोळसा वाहून आलेल्या पालापाचोळ्याचा, सोबत गाळही आला, म्हणून राख जास्त. मग कामठी, तांबूस-पिवळा, जाड कणांचा, पाण्याने भरलेला. खाण त्याला भिडली की पंप दिवसरात्र चालू, आणि भोवतालच्या विहिरी खाली. काही भागांत सगळ्यात वर दख्खनचा काळा पाषाण, ६.६ कोटी वर्षांचा.

विहिरींचं ऐकून काही जणांनी माना हलवल्या, मी पाहिलं. आपल्याकडे तर भुसभुशीत खनिजच पाणी धरतं. खड्डा उपसला की वाड्यावरची विहीर आटते. कुठे किती पाणी आहे हे कोअरमधून वाचता येतं. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला ८८ लीज रद्द झाल्या, कॅम्प ओस पडले. तिथल्या शेडमध्ये खोकी असतील तर ती पावसाआधी छपराखाली घ्या. एवढंच मागायला मी आलो होतो.

हा तुकडा त्या रस्त्यावरचा आहे. ही बाजू बघा, आरशासारखी गुळगुळीत, छत सुटतं ते इथून. आता उलटा करा, नीट उजेडात धरा, पान दिसेल, मधली शीरसुद्धा. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. जरा जपून, कडा सुटतात.