गिटारमधून बॅगपाइप कसा निघतो? स्टुअर्ट अ‍ॅडमसन आणि बिग कंट्री

नमस्कार मंडळी! ‘दादा, बिग कंट्रीचा तो बॅगपाइपवाला (स्कॉटलंडच्या पिशवीवाल्या वाद्यासारखा) आवाज कुठल्या पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या यंत्राचा?’ प्रत्येक व्हिडिओखाली हा प्रश्न असतोच. म्हणून आज बिग कंट्री या रॉक बँडचा गायक-गिटारवादक स्टुअर्ट अ‍ॅडमसन.

चरित्र भरभर सांगतो. जन्म १९५८, मँचेस्टर. वाढला स्कॉटलंडमध्ये, फाइफमधल्या क्रॉसगेट्स गावात. १९७७ मध्ये शेजारच्या डनफर्मलिनमध्ये ‘स्किड्स’ बँड उभा राहिला. रिचर्ड जॉबसन गायचा, गिटार अ‍ॅडमसनची. १९७९ मध्ये त्यांचं ‘इंटू द व्हॅली’ हे गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहांत. १९८१ मध्ये अ‍ॅडमसन बाहेर पडला आणि गिटारवादक ब्रूस वॉटसनला घेऊन ‘बिग कंट्री’ काढला, तिथे गायकही तोच. गंमत म्हणजे सुरुवातीच्या फळीत असलेला पीट विशार्ट पुढे रनरिग या स्कॉटिश बँडमध्ये गेला आणि २००१ पासून ब्रिटिश संसदेत खासदार आहे! १९८३ मध्ये ‘द क्रॉसिंग’ हा अल्बम आला, निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट. ‘इन अ बिग कंट्री’ हे गाणं अमेरिकेतही पहिल्या वीसांत गेलं.

आता तो आवाज. उपकरणं होती, नाही म्हणत नाही. एमएक्सआर कंपनीचा पिच ट्रान्सपोझर (सूर वर-खाली सरकवणारं यंत्र) होता आणि ई-बो होता. ई-बो हातात धरायचा, तो चुंबकीय क्षेत्राने तार हलवत ठेवतो, त्यामुळे सूर तुटत नाही. पण मंडळी, आधी सुरावट, मग पेडल! बॅगपाइपमध्ये मुख्य सुरावटीखाली ड्रोनच्या नळ्या सतत एकच सूर धरून असतात, आपल्या तानपुऱ्यासारख्या. गिटारवर ‘डी’ची तार मोकळी वाजत ठेवा आणि ‘जी’च्या तारेवर सुरावट वाजवा. अर्धं काम इथेच झालं.

दुसरं. पाइपवाल्याला मध्ये थांबता येत नाही, हवा वाहतच असते. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये झटकन एक कण, म्हणजे दुसऱ्या स्वराचा ओझरता स्पर्श, घ्यावा लागतो. गिटारवर तो कण हॅमर-ऑन (तारेवर बोट आपटून) आणि पुल-ऑफने (बोट ओढून काढून) येतो. डाव्या हाताने! पेडल हे करून देत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने महागडं पिच-शिफ्टर (तसंच सूर सरकवणारं पेडल) आणलं आणि त्यावर कॉर्ड झोडत बसला. बॅगपाइप कुठला, नुसता गोंगाट. पेडल बंद करायला लावलं, मोकळी तार आणि कण एवढंच आठवडाभर घोटून घेतलं. मग आवाज आला.

तिसऱ्या बाजूने तेच सांगतो. पाइपच्या स्वरांत निषाद कोमल असतो. तुम्ही शुद्ध निषाद लावून बसलात तर जगातलं कुठलंही यंत्र तुम्हाला स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये नेणार नाही. एकाने कमेंटमध्ये ठामपणे लिहिलंय, ‘तो सिंथेसायझर आहे.’ नाही हो! त्यांचं ‘फील्ड्स ऑफ फायर’ हे गाणं नीट ऐका, अ‍ॅडमसन आणि वॉटसन अशा दोन गिटारी एकमेकींना धरून चालतात. मागे टोनी बटलरचा बास आणि मार्क ब्रझेझिकीचे लष्करी थाटाचे ड्रम. त्या ड्रमशिवाय पाइप बँडचा भास निम्मा उरतो.

आणि हा माणूस म्हणजे फक्त एक आवाज, असं धरून चालू नका. १९८४ चा ‘स्टीलटाउन’ अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. शीर्षकगीत आहे इंग्लंडमधल्या कॉर्बीबद्दल, जिथे मंदीच्या काळात स्कॉटिश कामगार पोलादाच्या कारखान्यात पोट भरायला गेले. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही हे गाणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. माझ्या मते त्याचं सर्वांत ताकदीचं लिखाण हेच, ‘द क्रॉसिंग’पेक्षाही.

नव्वदच्या दशकात तो अमेरिकेत नॅशव्हिलला गेला. तिथे गीतकार मार्कस हमनबरोबर ‘द राफाएल्स’ ही जोडी केली. दारूशी त्याची झुंज खूप वर्षं चालली. डिसेंबर २००१ मध्ये हवाईत तो गेला, अवघ्या ४३ व्या वर्षी. त्याच्याबद्दल कमेंटमध्ये काहीबाही लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती, ते इथे नको.

पुढे ब्रूस वॉटसनने बिग कंट्री पुन्हा उभा केला, दुसऱ्या गिटारवर त्याचाच मुलगा जेमी आला. पुढच्या भागात ‘फील्ड्स ऑफ फायर’ची सुरुवातीची ओळ, संथ लयीत, दोन्ही गिटारी वेगवेगळ्या. तोवर पेडलला हात लावू नका.