३० सप्टेंबरचा पट

(दृश्य: चिऱ्यांची भिंत, कौलारू छप्पर, ओसरीवर ओळीनं काढलेल्या चपला.)

चपलांचे सात जोड. म्हणजे आज पट पूर्ण हजर आहे.

पहिलीत दोन, दुसरीत एक, तिसरीत कोणीच नाही, चौथीत चार. फळा एकच, खडूच्या दोन उभ्या रेघांनी त्याचे तीन भाग केलेले. बाई पहिलीला 'क' गिरवायला देतात, दुसरीच्या मुलाला पाढा म्हणायला बसवतात आणि चौथीच्या भागाकाराकडे वळतात. तोवर पहिलीतली पाटी पुसून झालेली असते. सिंधुदुर्गात डांबरी रस्ता सोडून वाडीकडे उतरलात, की अशी शाळा भेटतेच.

जिल्हा छोटा आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, तालुके आठ. पण गाव म्हणजे इथं एका ठिकाणी दाटीनं वसलेली घरं नव्हेत. एक वाडी डोंगराच्या कुशीत, दुसरी वहाळापलीकडे, तिसरी सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठाराच्या, पार टोकाला. जुलैत वहाळ भरून वाहू लागला, की सहा वर्षांच्या पोराला पलीकडच्या वाडीत पाठवायची कुठल्याच आईची छाती होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असं म्हटलंय. इथल्या वाड्यांना ते कायद्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. म्हणून एवढ्याशा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा हजारावर गेल्या.

(दृश्य: बंद घर, दाराला कुलूप, अंगणात वाढलेलं गवत.)

आता ही घरं बघा. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. २०११ मध्ये इथं हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. कर्ता पुरुष मुंबईला, बाई-माणूस आणि म्हातारी माणसं गावात, ही कोकणातली जुनीच रीत. फरक एवढाच, की पूर्वी चाकरमानी एकटा जायचा आणि पोरं आजीपाशी वाढायची, गावच्याच शाळेत. आता तो बायको-मुलांसकट जातो. मुंबईला नाहीतर गोव्याला. मागे उरलेल्या घरांत एक किंवा दोन मुलं, आणि त्यांतल्याही काहींना न्यायला इंग्रजी माध्यमाची गाडी तिठ्यावर येते.

पट घसरतो तो असा. त्यात बाईंचं शिकवणं कुठं कमी पडलं?

तरी विचारणा शाळेकडेच होते, आणि टक्क्यांत होते. चौथीत चार मुलं आहेत. त्यांतल्या एकाला वाचता आलं नाही, तर शाळेचा निकाल ७५ टक्के. पुढच्या वर्षी तो मुलगा पाचवीला दुसऱ्या शाळेत जातो, पुढे आजची पहिलीतली दोघं चौथीत येतात, दोघंही वाचतात, निकाल १०० टक्के. बाई त्याच, फळा तोच. अशा आकड्यावरून शाळेला प्रगत किंवा मागास ठरवणं मला मुळीच पटत नाही. सात मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलाला नावानं बघता येतं. जूनमध्ये जोडाक्षरापाशी अडणारी ती पोरगी दिवाळीला धडा वाचते का, एवढं विचारा.

दहावीचं बोलायचं, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण बोर्ड वेगळं झाल्यापासून राज्यात पुढेच आहे. २०२४ मध्ये विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला. त्याचं श्रेय हायस्कुलांचं. पण त्यांतल्या कितीतरी मुलांनी 'क' गिरवला तो अशाच वाडीवरच्या शाळेत.

(दृश्य: बाई टेबलाशी, हजेरीपट उघडा.)

कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. ऐकायला पुरेसे वाटतात. पण एक प्रशिक्षणाला गेला, की उरलेल्या एकानं सगळे वर्ग सांभाळायचे, पोषण आहार बघायचा, ऑनलाइन माहिती भरायची, तीही रेंज मिळेल त्या माडाखाली उभं राहून. आंतरजिल्हा बदलीनं शिक्षक आपल्या गावाकडे परतले, की जागा रिकामी राहते. आणि डीएड झालेली इथलीच मुलं भरतीची वाट बघत बसतात.

शिक्षक किती मंजूर करायचे, ते संचमान्यतेत ठरतं, आणि त्यासाठी पट मोजतात ३० सप्टेंबरचा. या तारखेपाशी मी थोडा थांबतो.

३० सप्टेंबरला पाऊस पुरता गेलेला नसतो. चिऱ्याच्या खाणी बंद असतात. त्या सुरू होतात पावसानंतर, आणि मग कर्नाटकातून कामगारांची कुटुंबं येतात. देवगडच्या आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार येतात तेही पावसानंतरच. त्यांच्याबरोबर त्यांची मुलं असतात. कुणी घरी कन्नड बोलतं, कुणी नेपाळी. शेजारी बसलेलं पोर मालवणीत विचारतं, 'तुझा नाव काय?' वाडीवरच्या वर्गात कोवळी पोरं नव्यानं येतात ती अशी, आणि ती येतात मोजणी झाल्यावर.

कायदा सांगतो, वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारायचा नाही. बाई नाकारत नाहीत. जन्मदाखला नसला तरी वय विचारून नाव लिहितात, वयाप्रमाणे वर्गात बसवतात, अक्षरं मात्र पहिल्यापासून शिकवतात. पण ती मुलं शिक्षकाच्या हिशेबात धरली जात नाहीत.

(दृश्य: मे महिना. बागेत रिकामे क्रेट. शाळेच्या दारात एक माणूस, त्याचं बोट धरून लहान मुलगी.)

आंबा उतरला. राखणदार दाखला मागायला आलाय. पुढची शाळा कुठली, हे त्यालाही अजून ठाऊक नाही. बाई दाखला लिहितात, मग मुलीला जवळ बोलावून पुस्तकातलं शेवटचं पान वाचायला लावतात. ती बोट ठेवून वाचते, हळूहळू, एकही शब्द न गाळता.