उभ्या गाडीचं वय

श्रोतेहो, नमस्कार.

जुनं मोटरहोम विकत घ्यायचं आणि स्वतः चालवत घरी आणायचं, हा आजचा विषय. जुनं म्हणजे तीस, चाळीस, पन्नास वर्षांचं. आत ओटा, बिछाना, पाण्याची टाकी, आणि हा सगळा संसार ओढणारं एक वयस्कर इंजिन.

अशा गाडीच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: गाडी फारच कमी चालली आहे. वाचणारा लगेच खूश होतो. माझं म्हणणं असं की हे वाक्य वाचलं की सावध व्हावं. मोटरहोम चालून जेवढं झिजतं, त्याहून जास्त उभं राहून झिजतं. पुन्हा सांगतो, चालून झिजतं त्याहून जास्त उभं राहून झिजतं. वर्षातले तीन-चार आठवडे ते फिरतं आणि बाकीचे दिवस उन्हापावसात उभं असतं. तेवढ्या काळात टायरचं रबर कडक होऊन चिरतं. ब्रेकच्या सिलिंडरमधला पिस्टन गंजून जागच्या जागी धरून बसतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि जेटमध्ये, म्हणजे त्यातल्या बारीक छिद्रांत, चिकट थर उरतो. छताच्या सांध्यांतलं सीलंट सुकतं आणि पाणी भिंतीत उतरतं. म्हणून विकणाऱ्याला किती किलोमीटर झाले हे विचारण्याआधी विचारा, शेवटची लांब फेरी कधी झाली? दीड लाख किलोमीटर चाललेली, दरवर्षीच्या दुरुस्तीच्या पावत्या असलेली गाडी मी चाळीस हजार चालून दहा वर्षं शेडमध्ये पडलेल्या गाडीच्या आधी निवडेन.

गाडी बघायला शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका, आम्हाला थंडच बघायचं आहे. पोहोचल्यावर बोनेटला किंवा इंजिनच्या झाकणाला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं का, ते तुम्हाला कळणार नाही. कागदावरचा चासी नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी एकेक आकडा लावून बघा. आणि मग, गाद्या-पडदे बघायच्या आधी, जुनी चटई अंथरा आणि गाडीखाली जा.

आधी खालीच का जायचं, याचं उत्तर फोक्सवॅगनच्या कॅम्परच्या, म्हणजे आत घर मांडलेल्या मालवाहू गाडीच्या, गोष्टीत आहे.

दुसरं महायुद्ध संपलं होतं. जर्मनीतल्या वुल्फ्सबर्गचा फोक्सवॅगनचा कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होता, आणि तो पुन्हा उभा करायचं काम मेजर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होतं. कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे न्यायला सैन्याकडून आणलेल्या फोर्कलिफ्ट होत्या. सैन्याला त्या परत हव्या झाल्या. माल हलवायचा कसा? कारखान्यात बीटल या फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीचे सांगाडे होतेच. त्यातलाच एक प्रकार घेऊन त्यावर पुढे सपाट फळा बसवला आणि चालकाला बसवलं अगदी मागे, इंजिनच्या वर. माल पुढे, माणूस मागे. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख करायची. तिला म्हणायचे प्लाटेनवागन.

नेदरलँड्समधला मोटारींचा व्यापारी बेन पॉन या कारखान्यात बीटल गाड्या घ्यायला आला होता. त्याची नजर या हातगाडीवजा वाहनावर खिळली. हेच आपल्या देशात नेऊन विकावं, असं त्याच्या मनात आलं. पण तिथल्या वाहतूक खात्यानं नकार दिला. रस्त्यावर धावणाऱ्या वाहनात चालक पुढेच बसला पाहिजे, मालाच्या मागे बसून चालणार नाही, असा नियम होता. सरकारी नियमांना आपण उठताबसता नावं ठेवतो. या एका नियमाचं मात्र मला मनापासून कौतुक आहे. कारण त्या नकारानं पॉन नव्यानं विचार करू लागला.

२३ एप्रिल १९४७ या दिवशी त्यानं वहीत एक रेखाटन केलं. पेननं काढलेल्या चार रेषा. पावाच्या लादीसारखी एक पेटी, चालक सगळ्यात पुढे, इंजिन सगळ्यात मागे आणि मधली सगळी जागा मालाला मोकळी. चालकाचं वजन पुढच्या चाकांवर, इंजिनचं मागच्या चाकांवर, भार मधोमध. गाडी भरलेली असो की रिकामी, तोल फारसा बिघडत नाही. आजही कोणी लहान मूल कॅम्पर गाडी काढायला बसलं, तर ते साधारण तसंच चित्र काढतं.

कारखान्याला तेव्हा बीटलमधून सवड नव्हती. १९४८च्या सुरुवातीला हाइन्झ नॉर्डहॉफ प्रमुख म्हणून आले आणि मग हे काम मार्गी लागलं. पहिला नमुना तयार झाला. वाऱ्याला तो फार अडायचा, म्हणून ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठातल्या वातबोगद्यात त्याची तपासणी झाली. पुढची काच दोन भागांत करून मधोमध किंचित टोकदार केली, छताची कड तशीच वळवली, आणि वाऱ्याच्या अडथळ्याचा गुणांक ०.७५ वरून ०.४४ वर आला. खुद्द बीटलचा होता ०.४८. पेटीसारखी दिसणारी गाडी गोलाकार बीटलपेक्षा सहज वारा कापू लागली.

आता नीट ऐका, कारण गोष्टीचा गाभा इथे आहे. पहिला नमुना बीटलच्याच तळावर बांधला होता. बीटलचा तळ म्हणजे मधून जाणारा एक कणा आणि दोन्ही बाजूंना पातळ पत्रा. एवढा भार त्या तळाला पेलेना. तेव्हा अभियंत्यांनी तो सोडून दिला. खाली लांबीचे आणि आडवे पट्टे घालून शिडीसारखी चौकट केली आणि वरची पेटी त्या चौकटीशी कायमची जोडून टाकली. चौकट आणि पेटी मिळून एकच वस्तू. दाराखालचा उंबऱ्यासारखा लांब पट्टा, आडवे पट्टे, बाजूचे पत्रे, छत, सगळ्यांनी मिळून वजन उचलायचं. १९ मे १९४९ रोजी नॉर्डहॉफनी उत्पादनाला मंजुरी दिली, १२ नोव्हेंबरला गाडी लोकांसमोर आली आणि मार्च १९५०पासून कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागली. इंजिन किती ताकदीचं? पंचवीस अश्वशक्तीचं. चाकांजवळ जादा गिअर बसवले, म्हणून तेवढ्या इंजिनला ती ओढता आली. १९५१मध्ये वेस्टफालिया या कंपनीनं तिच्यात मावेल असं, हवं तेव्हा बाहेर काढता येणारं घरगुती सामान बनवलं. या मालवाहू गाडीचं असं घर झालं.

तर श्रोतेहो, बेन पॉनची गोष्ट सांगायचं कारण हे. अशा गाडीत वेगळी, जाडजूड चासी, म्हणजे खालचा सुटा सांगाडा, नसते. दाराखालचा पट्टा गंजला, तर तो दिसण्यापुरता डाग नसतो. गाडीचं हाडच गंजलेलं असतं. फोक्सवॅगनच्या या गाडीत तो पट्टा तीन पदरी आहे: बाहेरचा, मधला आणि आतला. विकणारे बहुतेक वेळा बाहेरचाच बदलून वर रंग मारतात आणि मधला आत कुजत राहतो. म्हणून गाडीखाली जाऊन बोथट स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. टणक आवाज आला तर बरं. मऊ, दबका आवाज आला तर तिथे पुट्टी आहे किंवा पापुद्रे सुटले आहेत. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पोलादी पत्रा उरलेला नाही. जॅक लावायच्या जागा, पुढच्या चाकांमागचे कोपरे, बॅटरीखालचा पत्रा, या जागा आधी. खालून नुकताच काळा डांबरी लेप मारलेला दिसला, तर मी तरी ती गाडी घेणार नाही. उचलणारं छत असेल तर कापलेल्या भागाभोवतीची मजबुतीची पट्टी बघा, कारण छतही वजन उचलतं.

ट्रकच्या चासीवर पेटी बांधलेली मोटरहोम असतील तर तिथे प्रश्न वेगळा. चासी दणकट असते, पण ॲल्युमिनियमच्या पत्र्याआड लाकडी चौकट असते आणि ती पाण्यानं कुजते. खिडक्यांचे खालचे कोपरे, छत आणि भिंतीचा सांधा, मागचे दोन्ही कोपरे आणि बिछान्याखालची कपाटं अंगठ्यानं दाबून बघा. ओल मोजायचं यंत्र मिळालं तर आकडा वीस टक्क्यांपुढे गेला की शंका घ्या, तीसपुढे गेला की आत लाकूड गेलं असं धरून चाला. आतून सगळं ताजं पांढरं रंगवलेलं असेल, तर डाग झाकले आहेत का ते विचारा. आणि मूळ लाकूडकाम, मूळ कापड, गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक शाबूत असेल तर त्याला जपा. त्या जुन्या पुस्तकांत इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट कशी लावायची इथपर्यंत मालकाला शिकवलेलं असायचं. मालकाला शहाणं समजणारी ती पद्धत आजच्या कारखान्यांनी सोडली, हे मला चुकीचं वाटतं.

सौदा झाला, आता घरी आणायचं. तीन गोष्टी लक्षात ठेवा: टायर, ब्रेक, पेट्रोलची नळी. टायर, ब्रेक, पेट्रोलची नळी.

टायरवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा. मोटरहोमच्या टायरची नक्षी झिजायच्या आधी रबर म्हातारं होतं, त्यामुळे नक्षी बघून फसू नका. सात वर्षांपुढच्या टायरवर लांब जाऊ नये आणि दहापुढच्यावर मुळीच नाही. मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरची तारीख गाडीखालून वाचा. स्टेपनीची तारीख बघायला लोक विसरतात. नवे टायर घालताना रबरी व्हॉल्व्हही नवे घ्या, आणि पन्नास-ऐंशी किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डीओटी ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओल भरलेल्याचा १५५पर्यंत उतरलेला चालतो, त्याखाली नाही. वर्षानुवर्षं न बदललेलं तेल त्याच्याही खाली जातं. लांब उतारावर ते उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून निघण्याआधी तेल बदलून घ्या. ब्रेकचे रबरी पाइप आतून फुगले तर दाब चाकाकडे जातो पण परत येत नाही आणि ब्रेक धरूनच राहतो. यासाठी एक सोपी तपासणी आहे. पाच किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथे ब्रेक अडकला आहे. एक थंडच राहिलं असेल तर तिथे ब्रेक लागतच नाही.

पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र तपासत बसू नका, सरळ बदला. वर कापडी वीण असलेल्या जुन्या नळीच्या भेगा वरून दिसत नाहीत आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर आतून खातं. इथेनॉल सोसणारी नळी घ्या, प्रत्येक जोडाला नवी क्लिप लावा. जुन्या हवेनं थंड होणाऱ्या फोक्सवॅगन इंजिनचं घर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. एकदा पेटलं की विझवणं कठीण. दोन किलोचं कोरड्या पावडरचं अग्निशामक चालकाच्या हाताशी ठेवा, मागच्या कपाटात नको.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा आणि पाव टाकीच्या खाली उतरू देऊ नका, कारण तळाचा गंज फिल्टरमध्ये येतो. बरोबर तीन फिल्टर, दोन मीटर नळी, क्लिपा, फॅनबेल्ट, फ्यूज, दोन लिटर इंजिन ऑइल, पाच लिटर पाणी आणि गाडीचं वजन पेलणारा जॅक घ्या. जॅकखाली घालायला जाड फळी हवीच. विमा तुमच्या नावावर सुरू झालेला असावा. गाडी ओढून आणणाऱ्या सेवेला लांबी, उंची, वजन आधी सांगा; मोठं मोटरहोम त्यांच्या नियमात बसत नाही हे रस्त्याच्या कडेला कळू नये.

निघताना पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. गॅस सिलिंडरच्या तोंडाशीच बंद करा. छताची झडप, पायरी, कपाटांच्या खिट्या बघा. गाडीची उंची कागदावर लिहून समोर चिकटवा. दिवसा निघा. रात्रीचा प्रवास वेळ वाचवतो हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही, अनोळखी जुन्या गाडीत तर नाहीच. पहिले पंधरा किलोमीटर विकणाऱ्याच्या घराभोवतीच घाला, मग पन्नास किलोमीटरवर थांबा, मग दर तासाला. वेग सत्तर-ऐंशी पुरे. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतार उतरा. चढावर गरम इंजिन अचानक बंद पडलं आणि नळीत पेट्रोलची वाफ झाली असेल, तर सारखा स्टार्टर मारू नका. झाकण उघडून अर्धा तास थांबा. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनचा काटा वर चढू लागला तर आतला हीटर पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा आणि पुढच्या सुरक्षित जागी थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

घरी पोहोचलात की इंजिनखाली आणि चारही चाकांखाली पुठ्ठे सरकवून रात्रभर ठेवा. सकाळी काळपट डाग दिसला तर इंजिन ऑइल. जुन्या इंजिनात थोडं गळतं, पातळीवर लक्ष ठेवा. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला चिकट लागणारं असेल तर कूलंट. पाइपच्या क्लिपा बघा. पेट्रोलचा वास आला तर बॅटरीची तार सोडा आणि नळीचा जोड सापडेपर्यंत चावी फिरवू नका. आणि चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, रंगाला खाणारं काही दिसलं, तर ते ब्रेक ऑइल. ती गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

नमस्कार.