दारातली वर्दळ

(दृश्य: महाबळेश्वरजवळचा डोंगरउतार, सकाळचं कोवळं ऊन. जांभळाच्या झाडांखाली लाकडी मधपेट्या.)

महाशिवरात्र होऊन गेलीय. खाली वाईत दुपारचं ऊन चटके द्यायला लागलंय, पण इथे, साडेचार हजार फुटांच्या आसपास, सकाळी अजून अंगातला स्वेटर निघत नाही. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत स्ट्रॉबेरीच्या गाड्यांभोवती गर्दी आहे. आपण त्या गर्दीकडे पाठ फिरवून मांघरच्या रस्त्याला लागलोय. २०२२ च्या मे महिन्यात हे गाव ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पेट्या मात्र इथे त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. पाटी नंतर लागली.

मधपाळ काकांच्या परसात पेट्यांची रांग आहे. प्रत्येक पेटी लोखंडी स्टँडवर, आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांसाठी हा बंदोबस्त. वाटी कोरडी पडली की एका रात्रीत मुंग्या वर चढतात.

पेटीतली माशी आहे सातेरी. सह्याद्रीतली मूळची. झाडाची ढोली, दगडाची कपार, वारूळ, असा अंधार ती शोधते आणि त्यात शेजारी-शेजारी, समांतर पोळी बांधते. म्हणून तिला पेटीतला अंधारही चालतो. कड्याला लोंबणारी आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं करते. ती पेटीत नांदणार नाही. १९६२ साली हिमाचलातल्या नगरोटा बगवानला रुजलेली युरोपातली मेलिफेरा सातेरीपेक्षा कितीतरी जास्त मध देते, तिच्या पेट्या ट्रकात भरून सूर्यफुलाच्या नाहीतर मोहरीच्या शिवारात नेतात. पण वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या डोंगरात मधपाळांचा भरवसा सातेरीवरच आहे.

(दृश्य: जांभळाची फांदी, अगदी जवळून. कळ्या अजून नाहीत.)

जांभूळ फुलायला अजून महिना-सव्वा महिना आहे. मग आत्तापासून पेट्या उघडायची घाई कशाला?

हिशोब साधा आहे. राणीने आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडायला सुमारे वीस दिवस लागतात. बाहेर पडली की ती लगेच फुलावर जात नाही. आधी पोळ्यातली घरं साफ करायची, अळ्यांना भरवायचं, मेण काढून पोळं बांधायचं, दारावर पहारा द्यायचा. ही घरकामं उरकण्यात आणखी दोन-अडीच आठवडे जातात. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जांभळावर जाणारी माशी आज अंड्यात असायला हवी. फुलोरा येईल तेव्हा पेटीत नुसती गर्दी असून भागत नाही, कामाच्या वयाच्या माश्या लागतात. जांभूळ काही कुणासाठी थांबत नाही.

(दृश्य: धुराडं पेटवताना. सुक्या गोणपाटाचा धूर.)

ऊन पेटीवर आलं, बऱ्याच माश्या कामाला निघून गेल्या, की तपासणीला हात घालायचा. धूर अगदी बेताचा. सातेरी घाबरट माशी. धूर जास्त झाला तर ती पोळ्यावरून सैरावैरा धावत सुटते, एका कोपऱ्यात गोळा होते, आणि मग राणी दिसायची आशा सोडा.

झाकण निघालं. काका पोळं बांधलेल्या लाकडी चौकटीच्या खांद्यांना धरून तिला सरळ वर घेतात. चौकट आडवी करत नाहीत, कारण नवं पोळं मऊ असतं आणि वजनाने तुटतं. आणि ती कायम पेटीवरच धरलेली असते: चुकून राणी निसटलीच, तर आतच पडेल.

ही चौकट अशी उचलता येते, याचं श्रेय १८५१ सालच्या लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याच्या निरीक्षणाला जातं. दोन पोळ्यांमध्ये माशीला ये-जा करायला जेवढी फट लागते तेवढीच ठेवली, तर माश्या ती चिकटवून टाकत नाहीत. एवढ्याशा फटीवर सगळं आधुनिक मधमाशीपालन उभं आहे. त्याआधी मध हवा तर पोळं कापायचं आणि पिळायचं, अळ्यांसकट.

(दृश्य: चौकट उन्हाकडे तिरपी. घरांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी.)

सूर्य पाठीशी घ्या, ऊन थेट घरांच्या तळाशी पडू द्या. दिसली? पहिल्या दिवशी अंडं उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे काल-आजपर्यंत राणी इथे होती. तिला शोधत बसायची गरज नाही. नवशिके राणी शोधण्यात अर्धा तास घालवतात आणि तेवढ्यात पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, थंड पडतो.

एकाच घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर मात्र काकांचा चेहरा बदलतो. राणी गेलीय, आणि कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्यात. त्यांतून फक्त नर निपजतात. सातेरीत राणी गेल्यावर हे फार लवकर होतं.

आता हे बघा. चौकटीच्या कडेला काही घरं जरा मोठी आहेत, झाकण उंचावलेलं, आणि टोकाला सुईने टोचावं तसं भोक. पोळ्यावर असं भोक दिसलं की नवख्याला वाटतं कीड लागली. ती नराची घरं आहेत. सातेरीच्या नराच्या कोशाला हे भोक असतंच. नर दिसायला लागले, म्हणजे वसाहत भरभराटीला आलीय आणि तिच्या मनात घर फोडायचं घोळतंय.

त्याचा पक्का पुरावा चौकटीच्या खालच्या काठाला मिळतो. खाली तोंड करून लोंबणारा लांबट कोष: नव्या राणीचा. तो बंद झाला की जुनी राणी बऱ्याचशा माश्या घेऊन निघून जाते. ऐन जांभळाच्या तोंडावर अर्धी पेटी रिकामी! मग काय करायचं, यावर गावात दोन मतं आहेत. कोष खुडून टाका आणि वर मधाची कोठी चढवून जागा द्या, असं काही म्हणतात. काका म्हणतात, “खुडून किती दिवस खुडणार? तिला जायचंच असलं तर ती जाणार. त्यापेक्षा आपणच वाटणी करून द्यावी.” ते कोषासकट दोन-तीन चौकटी दुसऱ्या, रिकाम्या पेटीत हलवतात. मध थोडा कमी येतो, पेटी एकाची दोन होते. मला काकांचं पटतं, पण ज्याच्याकडे पाचच पेट्या आहेत आणि ज्याचं वर्षाचं गणित मधावर आहे, त्याला ते सहज परवडत नाही. सातेरीची एक पेटी वर्षाला पाच-दहा किलो देते, त्यातला जांभळाचा वाटा मोठा.

आणखी एक गोष्ट काका बघतात, बोलत मात्र नाहीत. एखादी अळी घरात पाठीवर पडून ताठ झालीय का, तिचं डोकं वर आलंय का, चिमट्याने उचलली तर पाण्याच्या पिशवीसारखी निघते का. हा थाई सॅकब्रूड. १९९१-९२ मध्ये या विषाणूने केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या सातेरी वसाहती अक्षरशः साफ केल्या. औषध नाही. चांगल्या जोमाच्या वसाहती राखायच्या, दुबळ्या एकत्र करायच्या, एका पेटीची चौकट दुसरीत घालायची नाही, एवढंच हातात असतं. या पेटीत तसं काही नाही.

तळफळीवर मात्र तपकिरी भुगा पडलाय. त्यात जाळी असती तर मेणकिडा. नुसता भुगा आहे, म्हणजे माश्यांनीच जुनं काळं पोळं कुरतडून टाकलंय. सातेरीची ती सवयच आहे. तळफळी पुसली, झाकण बंद. आमच्या कॅमेऱ्यासाठी हीच पेटी पुन्हा उघडायला काकांनी साफ नकार दिला. “आता आठ दिवस तिला हात नाही. बघायचं असेल तर दारात बसा.”

(दृश्य: चैत्र. फुललेलं जांभूळ. पेटीच्या दारासमोर, बाजूला बसलेले काका.)

आणि खरं सांगायचं तर पेटीचं अर्धं अधिक ज्ञान दारातच मिळतं.

समोर बसायचं नाही, येण्या-जाण्याची वाट अडते. बाजूला बसा. पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन माश्या घाईने आत शिरताहेत, म्हणजे आत भरवायला अळ्या आहेत, म्हणजे राणी आहे. झाकण न उघडता कळलं. ही दुसरी माशी बघा, पायांना काही नाही, पण पोट जड आहे. फळीवर नीट उतरता न येता जरा अलीकडेच आपटली. मकरंद भरून आलीय. दारावर तोंड बाहेर करून पंख फडफडवणाऱ्या या माश्या हवा आत ढकलताहेत. मेलिफेरा याच कामाला उलटी उभी राहते, तोंड दाराकडे करून.

दुपारी दोनच्या सुमाराला अचानक शेकडो माश्या दारासमोर घोंगावायला लागतात. चोरी? घर फुटलं? घाबरू नका. त्यांची तोंडं पेटीकडे आहेत, आणि त्या अर्धवर्तुळात मागे-पुढे होताहेत. पहिल्यांदा बाहेर पडलेल्या तरुण माश्या घराची खूण पटवून घेताहेत. चोरी असती तर दारात झटापट दिसली असती.

(दृश्य: फुलोरा, जवळून. पांढरट पुंकेसरांचे झुपके, त्यांत सातेरी.)

जांभळाखाली उभं राहिलं की आधी आवाज येतो. मग केसर खांद्यावर पडायला लागतो. वर सातेरी आहे, मोठी आग्या आहे, आणि तांदळाच्या कणीएवढी, डंख न मारणारी पोयाही आहे. आग्या तर चांदण्या रात्रीही फुलांवर येते. सातेरी सकाळी थंडीतच निघते, पण फार दूर जात नाही; किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतलं तिला पुरतं. म्हणूनच पेटी ठेवायची जागा हा अर्धा धंदा आहे. आणि एका खेपेत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. खालच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात हा गुण शेतकऱ्याच्या उपयोगाला येतो. स्ट्रॉबेरीवर बाहेरून दिसणारा प्रत्येक दाणा वेगळा फळायला लागतो. जिथे परागकण पोचला नाही तिथे गर फुगत नाही आणि फळ वेडंवाकडं होतं. त्या वाफ्यांवर भर सकाळी औषध मारणारा शेतकरी स्वतःच्याच फळाचा आकार बिघडवतो. मारायचंच असेल तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी.

पुढच्या एका तपासणीला काका ती पेटी पुन्हा उघडतात. एका चौकटीवर गर्दीत एक माशी शेपटी हलवत सरळ जाते, वळून मागे येते, पुन्हा तीच रेघ. कार्ल फॉन फ्रिश यांनी हा नाच उलगडला आणि १९७३ चं नोबेल मिळवलं. अंधारात, उभ्या पोळ्यावर, ‘वर’ म्हणजे सूर्याची दिशा. ही रेघ उभ्यापासून जेवढी कलती, तेवढं फूल सूर्यापासून बाजूला. शेपटी हलवणं जेवढं लांबतं, तेवढं फूल दूर. काका चौकट हातात घेऊन सूर्याकडे बघतात आणि समोरच्या उताराकडे बोट दाखवतात. तिथली जांभळं सकाळीच फुललीत.

मे संपता संपता, हिरड्याचाही फुलोरा ओसरला की, मध काढायचा. तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाली असतील तीच चौकट यंत्रात जाते. उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि आंबतो. तेही फक्त वरच्या कोठीतलं. खालच्या पिलावा खोलीतल्या मधाला काका हात लावत नाहीत. जून ते सप्टेंबर इथे माशीला बाहेर पडायलाही उघडीप मिळत नाही, आणि साखरेचा पाक कितीही दिला तरी तो त्या मधाची जागा घेत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. शेवटची तपासणी मृगाच्या आधी होते. तीत कोठ्या उतरवायच्या, रिकाम्या चौकटी काढून घ्यायच्या, दार लहान करायचं, झाकणावर पत्रा टाकून दोरीने आवळायचं. पेट्या घराच्या पडवीच्या बाजूला सरकतात, आणि उतारावर फक्त स्टँड उरतात.