मांडीतले इंजेक्शन, वेळेवर

म्हापशाच्या मासळी बाजारात सकाळी सुंगटे (कोळंबी), तिसऱ्या (शिंपले) आणि कुर्ल्या (खेकडे) यांचे वाटे मांडले जातात. गोव्याचे जेवण त्यांच्यावाचून अपुरे; परंतु काहींच्या शरीराला सुंगटांतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन सोसत नाही, आणि ते उष्णतेने नष्ट होत नसल्यामुळे हुमण, म्हणजे मासळीची आमटी, कितीही उकळले तरी धोका टळत नाही. काहींना काजू बाधतो, काहींना गांधीलमाशीचा दंश.

अंगावर गांधी उठतात, ओठ आणि जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, धाप लागते आणि रक्तदाब कोसळतो. ही तीव्र ॲलर्जी, म्हणजेच ॲनाफिलॅक्सिस. कधी अंगावर काहीही न उमटता थेट श्वास कोंडतो, आणि तेच अधिक फसवे असते.

अशा वेळी घरोघरी ॲलर्जीची गोळी शोधली जाते. गोळीने खाज शमते. सुजलेला श्वासमार्ग मात्र तिने मोकळा होत नाही, की उतरलेला रक्तदाब चढत नाही. ती दोन्ही कामे ॲड्रेनॅलिन हे टोचून द्यायचे औषध करते, म्हणून ते सर्वांत आधी द्यायचे.

चित्रपटांत दिसणारे पेन म्हणजे ऑटो-इंजेक्टर, मांडीवर दाबताच ॲड्रेनॅलिनची ठरलेली मात्रा टोचणारे साधन. अमेरिकेत एपिपेन नावाचे असे पेन 1987 मध्ये मान्य झाले. त्याची निळी टोपी ओढून काढायची, नारिंगी टोक मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस जोराने दाबायचे आणि तीन सेकंद तसेच धरायचे. कपडे काढण्यात वेळ घालवू नये. मोठ्यांसाठी मात्रा 0.3 मिलिग्रॅम, लहान मुलांसाठी 0.15.

आपल्याकडे हे पेन औषधांच्या दुकानात सहज मिळत नाही, आणि याची खंत वाटते, कारण आतले औषध स्वस्त आहे. 1 मिलिग्रॅमच्या छोट्या कुपीतून डॉक्टर ते नेहमी वापरतात. एकदा तीव्र त्रास झालेल्याने डॉक्टरांकडून लेखी योजना घ्यावी आणि इंजेक्शन देणे घरच्यांनीही शिकून घ्यावे. पेन मिळाले तर ते फ्रिजमध्ये नको, आणि उन्हात तापणाऱ्या स्कूटरच्या डिकीत तर मुळीच नको.

इंजेक्शननंतर रुग्णाला आडवे करून पाय उंचावर ठेवावेत. धाप असेल तर बसू द्यावे, पण उठून चालू देऊ नये. लगेच 108 वर फोन करावा. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी मात्रा देता येते. बरे वाटले तरी इस्पितळात जावेच लागते, कारण औषधाचा अंमल लवकर ओसरतो आणि काही तासांनी त्रास पुन्हा उफाळू शकतो.