कानाच्या अलीकडचा वारा

(दृश्य : मोकळा रस्ता. स्वाराच्या कानालगतच्या माइकमधला मूळ आवाज.)

आत्ता ऐकू येतोय तो आवाज आम्ही नंतर भरलेला नाही. स्वाराच्या कानाच्या भोकाशी चिकटवलेल्या बारक्या माइकने जे टिपलं, ते जसंच्या तसं आहे. रस्ता सपाट, वारा पडलेला, सायकलचा वेग ताशी ३० किलोमीटर. मागून एक ट्रक येतोय. चित्रात तो केव्हाच दिसायला लागला. आवाजात शोधून बघा.

(निवेदन थांबतं. ट्रक शेजारून निघून जातो.)

कडेच्या झाडांकडे लक्ष द्या. पानसुद्धा हलत नाहीये. मग हा वाऱ्याचा घोंगाट आला कुठून? तो स्वाराच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तयार होतोय, कानाच्या भोकाच्या अगदी लगत.

(दृश्य : गाल, कानशील आणि कानाभोवती चिकटवलेले लोकरीचे आखूड धागे. संथ गती.)

विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते ते पाहायला असे धागे चिकटवायची रीत जुनी आहे. आम्ही ते गालावर लावले. नाकाशेजारचा धागा बघा : मागे ओढला गेलेला, जवळजवळ स्थिर. इथे हवा कातडीला धरून चाललीये. आता गालाचं हाड संपतं तिथे या. धागा उचलला गेला. आणि कानाच्या भोकापुढे जो लहानसा मांसल उंचवटा असतो, त्याच्या लगेच मागचा हा धागा तर पुढे येतो, मागे जातो, मध्येच गोल फिरतो. इथे हवेने कातडी सोडली. नदीत पुलाच्या खांबामागे पाणी घुमतं तसे भोवरे इथे सुटतात, आणि तिथून जेमतेम अडीच सेंटीमीटर आत कानाचा पडदा असतो.

प्रत्येक भोवरा म्हणजे हवेच्या दाबात झालेला एक चढउतार. तो भोकाच्या तोंडावरून सरकला की पडद्याला तो आवाज म्हणूनच कळतो. त्यातला बराचसा भाग खर्जातला असतो, आणि खर्ज चढला की तो वरच्या पट्टीतले बारीक आवाज गिळून टाकतो. टायरची सरसर जाते, चेनची किरकिर जाते, शेजारी चालवणाऱ्याच्या बोलण्यातले स, श, त, क जातात. तो काहीतरी ओरडला एवढं कळतं. ‘थांब’ म्हणाला की ‘खड्डा’, हे कळेपर्यंत खड्डा आलेला असतो.

(दृश्य : तोच माइक, वेग वाढत जातो. पडद्यावर आवाजाचा आलेख रुंदावतो.)

दाबाचा हा चढउतार साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे १२ डेसिबलने चढतो. आणि इथे हिशेब सायकलच्या वेगाचा नाही, हवेच्या वेगाचा धरायचा. तुम्ही ताशी ३०ने जाताय आणि समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आहे, तर कानाला ४५चा वारा लागतो. तोच वारा पाठीशी असेल तर कानाला लागतो १५चा, आणि आपण आज फारच फॉर्मात आहोत असं वाटायला लागतं. पाठचा वारा असला की सगळेच पट्टीचे सायकलस्वार असतात.

डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या तज्ज्ञांनी हा आवाज वातबोगद्यात, म्हणजे ठरावीक वेगाने वारा सोडता येतो अशा बंद बोगद्यात, मोजला : ताशी १६ किलोमीटरला सुमारे ८५ डेसिबल, आणि ताशी ९६ला सुमारे १२०. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतली ‘नायॉश’ ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचवते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. ९४ला उरतो १ तास. लांब पल्ल्याच्या मंडळींनी आपापला हिशेब करावा.

(दृश्य : हेल्मेटच्या पट्ट्याचा क्लोज-अप. पट्टा थरथरतोय.)

आता या पट्ट्याकडे वळू, कारण अर्ध्या तक्रारी इथूनच सुरू होतात. एक पट्टा कानाच्या पुढून येतो, एक मागून, आणि पाळीच्या खाली दोन्ही जुळतात. पुढचा पट्टा बरोबर वाऱ्याच्या वाटेत उभा असतो. १८७८ साली चेक भौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेन्स स्ट्रोउहाल यांनी तारा हवेत गोल फिरवून त्यांच्यातून निघणारा सूर तपासला. तार किती ताणली आहे याच्याशी त्या सुराचा संबंध नव्हता. तो ठरत होता वेगावर आणि तारेच्या जाडीवर. सूत्र तोंडी करता येतं : वेगाला जाडीने भागायचं आणि ०.२ने गुणायचं. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. चष्म्याची दांडी गोल आणि ४ मिलिमीटर जाड धरली, तर तिच्यामागे सेकंदाला चारशेच्या आसपास भोवरे सुटतात. दांडी निम्म्या जाडीची असेल तर आठशेच्या पुढे. हेल्मेटचा पट्टा चपटा असतो, त्याला असा स्वच्छ सूर नसतो. सैल राहिला तर तो शिवाय फडफडतोही.

म्हणून पहिला उपाय फुकटातला आहे. पट्ट्याला पीळ पडलेला असेल तर काढा, तो गालाला सपाट बसू द्या, उरलेलं शेपूट रबरी कडीत खोचा. हे न करता थेट खरेदीला निघणारे पुष्कळ भेटतात.

(दृश्य : घुबडाचं पीस, अगदी जवळून. कॅमेरा कडेकडेने सरकतो.)

हे घुबडाचं पीस आहे. चित्रण फार सुंदर झालंय, त्यामुळे जरा थांबूच. १९३४ साली ग्रॅहम नावाच्या अभ्यासकाने घुबडाच्या शांत उडण्यामागे तीन गोष्टी दाखवल्या. पंखाच्या पुढच्या कडेला ही फणीसारखी दातेरी रांग. वरच्या अंगावर ही मखमल. आणि मागच्या कडेला ही मोकळी झालर. संशोधक आजही या तिन्हींवर काम करतायत. आपल्याला त्यातली मखमल पुरे.

(दृश्य : चित्रीकरणाच्या माइकवर केसाळ टोपी चढवली जाते.)

हीच युक्ती आमच्या साउंडवाल्याकडे कायम असते. केसांच्या दाट थरात शिरल्यावर हवेचा वेग मोडतो, मोठ्या भोवऱ्याचे बारीक भोवरे होतात आणि त्यांचा जोर घर्षणात जिरतो. बोललेलं मात्र केसांतून सहज पार होतं. माइकला जे चालतं ते कानाला का चालू नये?

(दृश्य : टेबलावर नकली फर, ब्लेड, सुईदोरा, वेल्क्रो.)

दोनेक सेंटीमीटर केसांची नकली फर घ्या. ती पालथी घाला आणि मागच्या कापडावरच ब्लेड चालवा. कात्री लावली तर केसही कापले जातात आणि कड बोडकी होते. कामाची असते ती हीच कड. बघा, ब्लेडने कापलेली पट्टी अलगद ओढून वेगळी केली, केस सगळे शाबूत. लांबी कानाच्या वरच्या टोकापासून पाळीच्या किंचित खालपर्यंत. रुंदी इतकीच की पट्ट्याभोवती एक वेढा बसेल. आतून वेल्क्रो शिवायचा, म्हणजे हवं तेव्हा काढता येतं. पट्टी बसवायची ती पुढच्या पट्ट्यावर, केस बाहेरच्या अंगाला आणि कातडीला टेकलेले. मध्ये फट राहिली तर वारा तिथूनच घुसतो. भोकावर केस येऊ द्यायचे नाहीत. कान उघडाच हवा. कल्ले दाट असलेल्यांना थोडी मदत निसर्गाकडूनच मिळालेली असते.

शिवायचं नसेल तर अशा पट्ट्या तयारही मिळतात. हेल्मेटला भोक पाडू नका, चिकट द्रव्य लावू नका, आणि पट्टी बक्कलच्या वाटेत येत नाही ना ते बघा.

(दृश्य : तोच रस्ता, तोच वेग, तोच माइक. आलेख. मागून ट्रक.)

(निवेदन नाही.)

कानात बोळे घालण्याच्या आम्ही विरोधात आहोत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फोमचे बोळे वारा कमी करतात आणि ट्रकही कमी करतात. आवाज रद्द करणारे इअरबड वाऱ्यात गडबडतात, कारण त्यांचा बाहेरचा माइक स्वतःच त्या भोवऱ्यांत सापडलेला असतो. कानपट्टी थंडीत ठीक. एरवी घाम येतो आणि ऐकूही कमी येतं. कान झाकणाऱ्या शर्यतीच्या हेल्मेटची गोष्ट वेगळी, ती घालून कुणी ऑफिसला जात नाही.

(दृश्य : स्वार मान किंचित वळवतो. आलेख बदलतो.)

मान जराशी वळवली तरी आवाज बदलतो. दोन सेकंदांसाठी मागचा अंदाज घ्यायला एवढं पुरतं, पण मान वळवून कुणी गावभर सायकल चालवत नाही.

फरच्याही मर्यादा आहेत. वारा आडवा लागला तर पट्टीला वळसा घालून तो कानावर येतो. लांब उतारावर वेग चढत गेला की आवाज तिलाही पुरून उरतो. पावसात केस चिकटतात आणि पट्टी नुसत्या पट्ट्यासारखी वागायला लागते. ती काढून वाळवायची, जुन्या टूथब्रशने केस उलटे विंचरायचे. मग ती पुन्हा कामाला लागते.